चारशे खुर्च्यांची हजेरी

माझा नवरा शाळेत धावण्याच्या शर्यतीत कायम शेवटून पहिला यायचा. शंभर मीटर पळाला की दहा मिनिटं धापा टाकायचा, म्हणून आम्ही त्याचं नाव धाप्या ठेवलं. तो आता कॉलेजच्या मुलींच्या धावण्याच्या संघाचा प्रशिक्षक आहे आणि मी त्याची बायको आहे. यातल्या कोणत्या गोष्टीचं जास्त नवल करायचं, यावर आमच्या वर्गाचं अजून एकमत झालेलं नाही.

एकाच वर्गातले असल्यामुळे आमचं घरात अरे-तुरे चालतं. लग्नाला पंचवीस वर्षं होऊन गेली तरी सासूबाईंच्या कानाला ते खटकतं. त्याहून जास्त खटकतो त्यांना मुलाचा उद्योग. "पळायला शिकवायचा पगार घेतोस? अरे, पोरं आपोआप पळतात. त्यांना एका जागी बसवून दाखव आणि मग माग पैसे," असं त्या ताटावर बसल्या की हमखास म्हणतात. त्याची नोकरी लागल्यापासून त्या एकदाही मैदानाकडे फिरकल्या नव्हत्या.

मी त्याच कॉलेजच्या हिशेब विभागात आहे. क्रीडा विभागाची सगळी बिलं माझ्या टेबलावरून जातात आणि सामना असला की तिकीटखिडकीतही मीच बसते. नवऱ्याच्या बिलांना मी इतर कुणाहीपेक्षा जास्त छळते, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे घरचा मामला म्हणून कुणी नाक मुरडायला नको. एकदा त्याचं चुन्याच्या पोत्यांचं बिल मी तीनदा परत पाठवलं, तर हा गृहस्थ दोन दिवस माझ्याशी घरीसुद्धा अर्ज केल्यासारखा बोलत होता. "भाजीत मीठ कमी असल्याचे नम्रपणे निदर्शनास आणतो," वगैरे.

तर झालं असं, की कॉलेजचे पैसे आटत चालले. विद्यार्थी कमी झाले, इमारतीचं छप्पर गळायला लागलं आणि अर्थसमितीची नजर खेळांवर पडली. फुटबॉलला हात लावायची कुणाची छाती नव्हती, कारण फुटबॉल कमावतो. त्याच्या हंगामाचे पास बँका, दुकानं, कारखाने गठ्ठ्यानं विकत घेतात आणि पैसे एकरकमी जमा होतात. धावण्याच्या संघाचा मात्र नुसता खर्चच. बस, खिळ्यांचे बूट, मलमं, पट्ट्या, रेघांचा चुना. त्यांच्या स्पर्धेला येणार कोण? मुलींचे आईबाप आणि एखादा वाट चुकलेला. तेव्हा समितीत सूचना आली, की धावपट्टी उखडावी आणि तिथे गाड्या लावायला जागा करावी.

या समितीची अध्यक्ष आमचीच मॉनिटर. म्हणजे खरोखर आमच्या वर्गाची मॉनिटर. बँकेतून मोठ्या पदावरून मुदतीआधीच निवृत्त झाली, पण आम्ही तिला दुसऱ्या नावानं कधी हाक मारली नाही आणि तिनेही कधी दुसऱ्या नावाला साजेसं वागून दाखवलं नाही. आमच्या वर्गाची शाळाभर एक ख्याती होती. आम्ही एकमेकांची हजेरी लावायचो. सर मान खाली घालून नावं घेत आणि अर्धा वर्ग मैदानात असला तरी प्रत्येक नावाला "हजर!" असा आवाज येई. यात उस्ताद होती रेडिओ. एकटी पाच-सहा वेगवेगळ्या आवाजांत हजर व्हायची. वर्षभर बिनबोभाट चाललं असतं, पण मॉनिटर उठून म्हणायची, "सर, नावं राहू द्या. डोकी मोजा."

रेडिओ आता दातांची डॉक्टर आहे. शाळेत तिची बडबड थांबवता थांबवता बाईंच्या पट्ट्या मोडल्या. आता ती लोकांची तोंडं उघडी ठेवून एकटी बोलते आणि वर त्याचे पैसे घेते.

मॉनिटरने आम्हा दोघांना आपल्या खोलीत बोलावलं. टेबलावर एकही कागद इकडचा तिकडे नव्हता.

"मैत्री दाराबाहेर ठेवून आत या," ती म्हणाली.

"दाराबाहेरच आहे. चपलांशेजारी," मी म्हटलं.

ती हसली नाही. धाप्याकडे बघून म्हणाली, "तुझा संघ मला बंद करायचा नाही. पण मनाला वाटतं म्हणून चालू ठेवता येत नाही. मला काहीतरी दाखव. पुढच्या महिन्यात आपल्याकडे सगळ्या कॉलेजांची स्पर्धा आहे. स्टँडमध्ये चारशे खुर्च्या आहेत. त्या भर. माणसं बघायला येतात हे दिसलं, तर समितीच्या गळी उतरवायचं काम माझं. नाही भरल्या तर..."

"नाही भरल्या तर गाड्या लागतील," धाप्या शांतपणे म्हणाला.

त्याचं ते शांत बोलणं मला सोसवेना. माझं डोकं तापलं की मी फोनवर लिहिते, आणि डोकं माझं रोजच तापतं. बाहेर पडता पडता मी वर्गाच्या ग्रुपवर लिहून टाकलं: 'चारशे तिकिटं खपली नाहीत तर धाप्याचा संघ बंद. आता काय ते बघा.' इतकी वर्षं हिशेबात घालवल्यावर तिकीट आणि माणूस यांत फरक करायचं माझं सुटलंच होतं.

घरी आल्यावर तो ओट्याशी बसून मुलींच्या बुटांचे खिळे घासत बसला. मी म्हटलं, "पोरींना सांगितलंस?"

"नाही. तूही सांगू नकोस. एवढं ओझं डोक्यावर घेऊन पळता येत नाही."

"आणि तू? तू पळशील का ते घेऊन?"

"मला कुठे पळता येतं?" तो म्हणाला आणि हसला. पण खिळा घासायचा थांबला नाही. या माणसाने कधी कशाचा हट्ट धरला नाही. पहाटे उठून दुसऱ्यांच्या मुलींच्या मागे शिट्टी घेऊन धावायचं, एवढंच त्याला हवं होतं आणि तेवढंच काढून घ्यायला निघाले होते. मला त्या रात्री सगळ्या जगाचा राग आला, आणि त्याच्यावर इतकं प्रेम आलं की मी त्याचं बसचं बिल दुसऱ्या दिवशी एकही शंका न काढता पास केलं.

आणि मग चमत्कार झाला. तिकिटं मोबाइलवरून विकायला ठेवली आणि तिसऱ्या दिवशी पडद्यावर आकडा आला: शिल्लक शून्य. मी पडदा पुसून पाहिला. शून्यच. मी तशीच धाप्याकडे धावले. मैदानाच्या मधोमध त्याला मिठी मारली आणि बारा मुलींनी माना वळवून आकाशाकडे पाहिल्यासारखं केलं. स्पर्धेच्या दिवशी 'सर्व तिकिटे संपली' अशी पाटी मी स्वतः रंगवली आणि खिडकीला टांगली. अशी पाटी या खिडकीला याआधी फक्त फुटबॉलच्या वेळी लागत असे. अक्षरं मी मुद्दाम मोठी काढली होती.

त्या दुपारी मी खिडकीत बसले ती नुसती ऐटीत. माणसं येत होती आणि मी त्यांना परत पाठवत होते. "संपली हो, कधीच संपली! पुढच्या वेळी आधी घ्या." शेजारचं कुटुंब आलं, परत पाठवलं. संघाच्या बसचा चालक बायकोला घेऊन आला, परत पाठवला. आमच्या मुलींपैकी एकीचे काका-काकू, मामा-मामी असे नऊ जण दूरवरून आले होते, त्यांच्यासाठी मात्र जीव हळहळला. पण नियम तो नियम. असा तासभर गेला. मग समोर सासूबाई उभ्या! मागे त्यांच्याबरोबर सकाळी फिरायला जाणाऱ्या बायकांचा अख्खा कंपू. सगळ्यांच्या हातात पर्स उघडलेल्या.

"बारा तिकिटं दे," सासूबाई म्हणाल्या.

"अहो आई, तुम्ही येणार हे बोलला का नाहीत? एकही तिकीट नाही हो."

"नाही म्हणजे? मी त्याची आई आहे."

"त्याची आई आहात म्हणून तर नाही देता येत. उद्या लोक म्हणतील सुनेने घुसवलं."

मैत्रिणींसमोर त्यांचं तोंड एवढंसं झालं. "चला गं," त्या म्हणाल्या, "आपली इथे गरज दिसत नाही." बारा जणी वळल्या आणि फाटकातून बाहेर पडल्या. मला वाईट वाटलं, पण खोटं कशाला बोलू, त्यात अभिमानच जास्त होता. आमच्या धाप्याच्या स्पर्धेला त्याच्या जन्मदात्या आईलासुद्धा जागा नाही!

खिडकी बंद करून मी जिना चढून स्टँडमध्ये गेले आणि पायऱ्यांवरच मटकन बसले. चारशे खुर्च्यांत फार तर चाळीस माणसं होती. तीही पांगलेली. मधल्या रांगेत रेडिओ आणि तिच्याशेजारी बोका. बोका म्हणजे शाळेत सगळ्यांचे डबे चाटूनपुसून रिकामे करणारा. सध्या तो गाडी चालवायला शिकवणारी शाळा चालवतो. दोघं मला बघून हात हलवायला लागले.

"बघितलंस ना! हाउसफुल्ल!" रेडिओ ओरडली.

"कुठे आहे फुल्ल? माणसं कुठायत?"

"माणसं कशाला? मी साठ तिकिटं घेतली," ती म्हणाली आणि पर्समधून छापून आणलेल्या तिकिटांची गुंडाळी काढून नाचवली. "बोक्याने पन्नास. परदेशातल्या तिघांनी मिळून शंभर. बाकीच्यांनी जमेल तशी. अगं, अख्ख्या वर्गाने हजेरी लावलीय!"

"कुणी कुणाला सांगितलं नाही बरं का," बोका म्हणाला. "प्रत्येकाला वाटलं आपण गुपचूप करावं. धाप्याला ओशाळं वाटायला नको."

मी डोकं धरलं. माझ्या वर्गाने प्रेमाने, एकदिलाने, स्वतःच्या खिशाला खार लावून साडेतीनशे रिकाम्या खुर्च्या विकत घेतल्या होत्या. आणि ज्यांना खरंच बसायचं होतं त्यांना मी तासभर हाकलून दिलं होतं. "मूर्खांनो," मी म्हटलं, "मॉनिटर तिकिटं बघणार नाहीये. ती डोकी मोजायला येणार आहे."

रेडिओचा आवाज बंद झाला. मी तो बंद झालेला आयुष्यात प्रथमच ऐकला.

खाली शर्यती सुरूच होत्या. धाप्या मैदानात इकडून तिकडे पळत होता. स्टँडकडे त्याचं लक्ष नव्हतं, आणि असतं तरी रिकाम्या स्टँडची त्याला सवय होती. शेवटची रिले संपायच्या आधी मॉनिटर येणार होती. हातात तास-दीड तास.

"उठा," मी म्हटलं. "जी माणसं मी घालवली ती परत आणायची. तिकिटं इकडे द्या."

पुढचा तास आम्ही जे केलं ते आमच्या वयाला शोभणारं नव्हतं. बोक्याच्या शाळेच्या चार गाड्या आल्या, छतावर शिकाऊ चालकाच्या पाट्या, आत घाबरलेली शिकाऊ मंडळी आणि शेजारी बोक्याचे शिक्षक. त्या गाड्या बसथांब्यावर, बागेत, चहाच्या दुकानांपुढे आचके देत थांबायच्या आणि काचेतून कुणीतरी ओरडायचं, "शर्यत बघायला येता का? तिकीट आहे!" काका-काकू, मामा-मामी बसथांब्यावरच सापडले. बसचालक पुन्हा बायकोसकट आला आणि येताना शिकाऊ चालकाची गाडी त्यानेच चालवली, कारण त्याला ते बघवेना. रेडिओने दवाखान्यात फोन करून वाट बघत बसलेल्या सगळ्यांना बोलावून घेतलं. एकजण तर अर्धा जबडा बधिर अशा अवस्थेत आला आणि शेवटपर्यंत एका गालाने ओरडत होता.

सासूबाईंकडे जायची जबाबदारी मात्र माझीच होती. त्या बागेतल्या बाकावर कंपू घेऊन बसल्या होत्या. मी समोर जाऊन उभी राहिले.

"आई, माझं चुकलं. जागा आहे. भरपूर आहे. चला."

"मघाशी नव्हती ती आता कुठून आली?"

मी सगळं सांगितलं. संघ बंद होणार तेही. ते त्यांना ठाऊक नव्हतं. मुलाने आईलाही सांगितलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "बंद करणार? माझ्या पोराचं काम बंद करणारी ती कोण लागून गेली?" आणि उठल्या. तिकिटं मी हातात ठेवली तर पर्समधून पैसे काढून त्यांनी ते माझ्या मुठीत कोंबले. "त्या दातवालीला दे. फुकट बघायला आम्ही काही भिकेला लागलो नाही." मग अकरा पर्स उघडल्या.

मॉनिटर आली तेव्हा रिले सुरू व्हायची होती. मी स्टँडवरून नजर फिरवली. माणसं होती, चांगली भरगच्च दिसत होती, पण दोन्ही टोकांना मोकळ्या रांगा उरल्याच होत्या. मॉनिटर वरच्या पायरीवर उभी राहिली, बोट उचललं आणि ओठ हलवत एका टोकापासून मोजायला लागली. मी तिच्यामागे उभी.

बंदूक उडाली. आमच्या मुली पहिल्या फेरीत पाचव्या होत्या, दुसरीत चौथ्या. धाप्या मैदानाच्या आतून त्यांच्या बरोबरीने पळत होता, तोंड लाल, शिट्टी गळ्यात उलटीपालटी. आणि अचानक स्टँडमधून एक खणखणीत आवाज आला, "अरे, श्वास घे आधी! श्वास घे!" सासूबाई खुर्चीवरून उठून उभ्या होत्या. त्याने वळून वर पाहिलं. आई दिसली. भरलेल्या रांगा दिसल्या. तो जागच्या जागी थांबला आणि शेवटची मुलगी त्याच्यासमोरून वाऱ्यासारखी निघून गेली, तरी त्याला हलायचं भान राहिलं नाही. सगळा स्टँड उभा राहून किंचाळत होता, एका गालाने ओरडणाऱ्यासकट. आमच्या मुली तिसऱ्या आल्या.

मॉनिटरचं बोट शेवटच्या रांगेवर होतं. ते तिने खाली घेतलं.

"किती?" मी विचारलं.

"दोनशे अठ्ठ्याऐंशी. तुला धरून."

मला रडू फुटलं. लपवायचं म्हणूनही लपवता आलं नाही. बोका आणि रेडिओ जवळ येऊन मान खाली घालून उभे राहिले. खालून धाप्याही जिना चढून आला, धापा टाकत, आणि माझा चेहरा बघूनच त्याला कळलं. "ठीक आहे," तो म्हणाला. "निदान आज बघायला माणसं होती." मग मॉनिटरकडे वळून म्हणाला, "पोरींना मी सांगेन. तू नको सांगूस."

"काय सांगणार आहेस?" मॉनिटरने विचारलं.

"हेच. की आता..."

"थांब. माझं बोलणं पुरं होऊ दे. गेल्या दोन्ही शनिवारी मी फुटबॉललाही इथेच उभी होते. एका खेळाची डोकी मोजायची आणि दुसऱ्याची नाही, हा कुठला न्याय? एकदा दोनशे दहा, एकदा एकशे नव्वद. तिकिटं मात्र दोन्ही वेळा चारशे खपलेली. पास बँकांच्या खणात पडून असतात, बघायला येत कुणीच नाही." ती माझ्याकडे वळली. "तुमच्या वर्गाने आज केलं ते हे सगळं शहर फुटबॉलसाठी कायम करतंय."

"तुमच्या नाही, आपल्या वर्गाने," रेडिओ हळूच म्हणाली.

मॉनिटरने तिकडे दुर्लक्ष केलं. "रिकाम्या खुर्च्यांमुळे खेळ बंद करायचा तर आधी फुटबॉल बंद करावा लागेल. ते समितीतला एकही माणूस करणार नाही. आणि दोन्ही बंद केले तर त्या जागेत गाड्या तरी कुणाच्या लावायच्या? चारशेचा नियम मी केला होता, तो चुकीचा होता, मी तो काढून टाकते. संघ राहील. ज्या कारखान्यांना न बघण्याचे पैसे द्यायला परवडतं, त्यांच्याकडे मी तुझ्या बसचे पैसे मागायला जाईन. मी मागितले की लोक देतात."

यात कुणालाच शंका नव्हती.

धाप्या खुर्चीच्या पाठीवर हात टेकून उभा राहिला आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. बोक्याने त्याला मागून उचलायचा प्रयत्न केला, दोघेही दोन रांगांच्या मध्ये पडले. रेडिओ एकाच वेळी पाच आवाजांत ओरडत सुटली. सासूबाई खालच्या रांगेतून, झालं काय ते न कळताच, आपल्या अकरा जणींना सांगत होत्या, "तो पडलाय ना, तो माझा."

इतक्यात मुली वर आल्या. घामाने निथळलेल्या, बूट हातात. त्यांना यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं. आपण तिसऱ्या आलो, म्हणून त्या चेहरे पाडून आल्या होत्या, आणि इथे त्यांचे सर दोन खुर्च्यांच्या मध्ये पडून रडतायत आणि हसतायत.

"सर," त्यांच्यातली एक चाचरत म्हणाली, "तिसरा नंबर आलाय. पहिला नाही."

"माहितेय," तो उठता उठता म्हणाला. त्याने तोंड पुसलं, कपडे झटकले आणि घसा साफ केला. "उद्या सकाळी सहाला मैदानावर. सगळ्यांनी."

"सर, उद्या सुट्टी आहे!"

"तरी या."

बारा तोंडांतून एकदम कुरकुर सुरू झाली. पाय दुखतायत, घरी पाहुणे आहेत, रविवारी कुणी पळतं का, सर, प्लीज, निदान सातला. आणि माझा नवरा दोन्ही हात कमरेवर ठेवून, कानात प्राण आणून ती कुरकुर ऐकत उभा होता. ती संपत आली तेव्हा तो म्हणाला, "नाही, सहालाच," म्हणजे ती पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हावी.